आरमध्ये थरांचा आलेख : कोरडं वर्ष सर्वांत उंच का दिसलं?

मागच्या भागात आपण आर या भाषेत साधे रेषांचे आलेख काढले. आज थरांचा आलेख. याला सगळे स्टॅक्ड एरिया चार्ट म्हणतात. एकावर एक रंगीत थर, खाली वर्षं, आणि सगळ्यांत वरची कड म्हणजे एकूण बेरीज. काढायला सोपा, दिसायला देखणा. म्हणूनच यात चूक झाली तर ती पटकन लक्षात येत नाही. माझी लक्षात आली नव्हती. ती एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने दाखवली, आणि त्याचीच गोष्ट सांगत आज आपण शिकणार आहोत.

एक सूचना. व्हिडिओत कोड पडद्यावर दिसतो. पुस्तकात तो मी वाचून दाखवल्यासारखा लिहिला आहे. ओळ पाठ करण्यापेक्षा ती काय करते हे कळलं, की बाकीचं हात आपोआप शिकतात.

आडुतुरैला काय झालं

तामिळनाडूत कुंभकोणमजवळ आडुतुरै नावाचं गाव आहे. भाताचा अभ्यास करणाऱ्यांना हे नाव ओळखीचं. १९२२ पासून इथे भात संशोधन केंद्र आहे. एडीटी ३६, एडीटी ४३ अशा भाताच्या जातींतलं 'एडीटी' म्हणजे हेच आडुतुरै. माझा एक मित्र तिकडचा, तंजावरच्या मराठी घरातला. त्याच्या ओळखीतल्या काही शेतकऱ्यांना एका कार्यालयाकडे अर्ज करायचा होता. पाणी उशिरा आल्यामुळे हातचं पीक गेलं, हे दाखवायचं होतं. त्यांच्याकडे वह्या होत्या, मित्राने त्या एक्सेलमध्ये भरल्या, आणि मला म्हणाला, "अरे, तुला ते आलेख काढता येतात ना, एक काढून दे. अर्जाला जोडू."

मी अर्ध्या तासात काढून दिला. रंग छान, नावं तामिळमध्ये, सगळं व्यवस्थित. बैठकीत तो कागद हातोहात फिरला. एका आजोबांनी तो बराच वेळ पाहिला, एका वर्षावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "तम्बी, या वर्षी कालव्याला पाणी नव्हतं. मग हे कुरुवै कुठून आलं?"

मी पाहिलं. ज्या वर्षी नुकसान झालं, तेच वर्ष माझ्या आलेखात सगळ्यांत उंच होतं. तो कागद अर्जाला जोडला असता, तर अर्ज वाचणाऱ्याने एवढंच विचारलं असतं की, भरघोस वर्षाची भरपाई कसली मागता?

आधी हंगाम समजून घेऊ

आकड्यांआधी पीक समजलं पाहिजे, नाहीतर आलेख वाचताच येत नाही. कावेरीच्या खोऱ्यात टोकाकडच्या त्रिभुज प्रदेशात भाताचे मुख्य तीन हंगाम आहेत.

कुरुवै हा कमी दिवसांचा. जून-जुलैत लावायचा, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास कापायचा. याला लवकर तयार होणारी जात लागते, आणि आडुतुरैच्या केंद्राने अशा अनेक जाती दिल्या. त्याच शेतात कुरुवै कापल्यावर जे दुसरं पीक लावतात ते ताळडी. ते जानेवारी-फेब्रुवारीत निघतं. आणि ज्यांना दोन पिकं घ्यायची नसतात किंवा घेता येत नाहीत, ते ऑगस्टच्या आसपास एकच जास्त दिवसांचं पीक लावतात, ते सांबा.

म्हणजे शेतकऱ्यापुढे दोन वाटा असतात. एक, कुरुवै आणि मग ताळडी. दुसरी, फक्त सांबा. कोणती वाट घ्यायची हे बरंचसं मेट्टूर धरण ठरवतं. १९३४ साली बांधून झालेल्या या धरणातून त्रिभुज प्रदेशासाठी पाणी सोडण्याची रूढ तारीख आहे १२ जून. पाणी त्या सुमारास आलं तर कुरुवै. उशिरा आलं तर कुरुवैची वेळ निघून जाते. २०१६ मध्ये पाणी सुटलं २० सप्टेंबरला, २०१७ मध्ये २ ऑक्टोबरला. पुढे २०२० मध्ये बऱ्याच वर्षांनी १२ जूनची तारीख पाळली गेली, आणि २०२२ मध्ये तर २४ मेलाच पाणी सुटलं. आपल्याकडे जसं मृग कोरडा गेला की खरिपाचं गणित बिघडतं, तसं तिकडे १२ जूनचं आहे.

ज्यांच्याकडे बोअरवेल आहे ते धरणाची वाट न बघता कुरुवै लावू शकतात. हे लक्षात ठेवा, शेवटी याची गरज पडणार आहे.

सरावाची तक्ता-फाइल

खरी वही मी दाखवणार नाही. सरावासाठी मी मनानेच आकडे घेतले आहेत. एक गाव, १०० एकर भातशेती, पाच वर्षं. आकडे एकरात.

वर्ष १ : कुरुवै ६०, ताळडी ६०, सांबा ४०
वर्ष २ : कुरुवै ५०, ताळडी ५०, सांबा ५०
वर्ष ३ : सांबा ९०
वर्ष ४ : कुरुवै ४०, ताळडी ४०, सांबा ६०
वर्ष ५ : कुरुवै ६०, ताळडी ६०, सांबा ४०

तिसऱ्या वर्षी पाणी उशिरा आलं. कुरुवै लावलाच नाही, म्हणून ताळडीही नाही. वहीत काय लिहिणार? काहीच नाही. जे लावलं नाही त्याची ओळ कोण लिहितो?

मूळ फाइलमध्ये दर शेतकऱ्याची वेगळी ओळ असते. चार स्तंभ : वर्ष, हंगाम, शेतकरी, क्षेत्र.

पहिली पायरी : गट करा, बेरीज करा

एरिया चार्टला एका वर्षात एका हंगामाचा एकच आकडा हवा असतो. शेतकऱ्यागणिक ओळी तशाच दिल्या तर कधी करवतीसारखे दाते दिसतात, कधी चित्र नीट दिसतं आणि आकडे मात्र भलतेच असतात. म्हणून आधी डीप्लायर या पॅकेजमधलं 'ग्रुप बाय' वापरायचं. त्यात वर्ष आणि हंगाम द्यायचे. मग 'समराइझ'मध्ये क्षेत्राची बेरीज, म्हणजे 'सम'. शेवटी 'डॉट ग्रुप्स' या जागी 'ड्रॉप' लिहा. हे नाही लिहिलं तर बेरीज झाल्यावरही तक्ता आतून वर्षाच्या गटांत बांधलेला राहतो. वरून दिसत नाही, पण पुढची प्रत्येक आज्ञा त्या गटाच्या आत चालते आणि आपण डोकं खाजवत बसतो.

इथे एक सापळा आहे. फाइलमध्ये मोकळ्या पेशी असल्या की बेरीज 'एनए' येते, आणि कुणीतरी सांगतं की 'एनए आरएम बरोबर ट्रू' लिही. लिहिलं की काम होतं. पण एखाद्या गटातल्या सगळ्याच पेशी मोकळ्या असतील, तर या पद्धतीने बेरीज शून्य येते. म्हणजे 'माहीत नाही' याचं 'काहीच नव्हतं' झालं, आणि आरने चकार शब्द काढला नाही.

दुसरी पायरी : थर काढा

आता जीजीप्लॉट-२. 'ईएस'मध्ये तीन गोष्टी : आडव्या अक्षावर वर्ष, उभ्या अक्षावर क्षेत्र, आणि 'फिल' म्हणजे भरायचा रंग हंगामाप्रमाणे. मग अधिक चिन्ह देऊन 'जिओम एरिया'. एकावर एक रचणं हे त्याचं नेहमीचंच वागणं आहे, वेगळं सांगावं लागत नाही.

बऱ्याच जणांची गाडी इथेच अडते. आलेखाची चौकट येते, आत काहीच नसतं. कारण वर्ष '२०१७-१८' असं अक्षरांत लिहिलेलं असतं. अक्षरं दिसली की जीजीप्लॉट प्रत्येक वर्षालाही वेगळा गट समजतं. मग एका गटात एकच ठिपका उरतो, आणि एका ठिपक्याचा थर होत नाही. उपाय दोन. वर्षाचा आकडा करा, म्हणजे २०१७-१८ चं २०१७. नाहीतर 'ईएस'मध्येच 'ग्रुप बरोबर हंगाम' असं स्पष्ट सांगा. मी पहिला उपाय वापरतो. वर्ष जूनपासून मोजायचं, म्हणजे फेब्रुवारीत निघालेली ताळडी चुकून पुढच्या वर्षाच्या खात्यात जात नाही.

तिसरी पायरी : जी मी केली नव्हती

वरच्या सरावाच्या तक्त्याचा आलेख काढा आणि तिसऱ्या वर्षाकडे बघा. एकूण उंची किती येते? १८० एकर! पाच वर्षांतलं सगळ्यांत उंच वर्ष. गाव १०० एकरांचं, पाणी नाही, आणि लागवड १८० एकर.

हे कुठून आलं? जीजीप्लॉट-२ च्या ३.४.० या आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ च्या अखेरीपासून, जिओम एरिया थर रचण्याआधी सगळ्या गटांची वर्षं जुळवून घेतं. एखाद्या गटात मधलं वर्ष नसेल तर आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांमध्ये सरळ रेघ मारून मधला आकडा भरतं. कुरुवै दुसऱ्या वर्षी ५०, चौथ्या वर्षी ४०, म्हणून तिसऱ्या वर्षी ४५. ताळडीचंही तसंच, ४५. त्यात खरा सांबा ९०. झाले १८०.

पॅकेज करणाऱ्यांचा यात दोष नाही. आधीच्या आवृत्त्यांत अशा वेळी थर एकमेकांत घुसायचे, चित्र वेडंवाकडं दिसायचं. नदीच्या पातळीसारखी गोष्ट असेल, आज मोजली, परवा मोजली, तर उद्याची पातळी मधे कुठेतरी असणार हे धरून चालणं बरोबर आहे. पण पेरणी तशी नसते. दोन वर्षांच्या मधलं वर्ष म्हणजे त्या दोघांची सरासरी नव्हे. पूर्वी चित्र वाकडं यायचं तेव्हा निदान शंका तरी यायची. आता ते गुळगुळीत येतं, म्हणून आपणच शंका घ्यायला हवी.

तर करायचं काय? आलेखाआधी ओळी मोजायच्या. पाच वर्षं गुणिले तीन हंगाम, १५ ओळी हव्यात. आपल्या तक्त्यात १३ आहेत. दोन कमी. कोणत्या ते 'काउंट'मध्ये वर्ष देऊन बघा : तिसऱ्या वर्षासमोर ३ च्या ऐवजी १ दिसेल.

मग टायडीआर पॅकेजमधलं 'कम्प्लीट'. त्यात वर्ष आणि हंगाम दिले की ते सगळ्या जोड्या तयार करतं आणि नसलेल्या ओळी घालतं. त्यांत क्षेत्राच्या जागी 'एनए' येतं. 'फिल'मध्ये क्षेत्र बरोबर शून्य सांगितलं तर शून्य येतं. तक्ता गटांत बांधलेला असेल तर हे नीट चालत नाही, म्हणून वर 'ड्रॉप' लिहायला सांगितलं.

शून्य भरून पुन्हा आलेख काढा. तिसरं वर्ष १८० वरून ९० वर येतं. सगळ्यांत उंच वर्ष सगळ्यांत खाली आलं. आकडा एकही बदलला नाही, फक्त जे वहीत लिहिलं नव्हतं ते आपण लिहिलं.

पण शून्य भरायचा अधिकार कुणाचा?

हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर आरकडे नाही.

त्या बैठकीत मी लगेच लॅपटॉप उघडला आणि म्हणालो, सोपं आहे, शून्य भरतो. मित्राने मला थांबवलं. म्हणाला, "थांब, सगळ्यांचं शून्य नाहीये." त्याने एकेक नाव वाचलं. कालव्याच्या शेपटाकडे ज्यांची शेतं होती त्यांनी सांगितलं, काही लावलं नाही. ते शून्य. दोघांकडे बोअरवेल होती, त्यांनी थोडा कुरुवै लावला होता, पण वहीत लिहायचं राहून गेलं होतं. ते शून्य नव्हतं. आणि एकाची वहीच हरवली होती. ते आम्हाला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही असंच राहायला हवं होतं.

वहीतली एकच मोकळी जागा, तिचे तीन अर्थ. सरळ रेघ मारली असती तर नसलेलं पीक दिसलं असतं. सरसकट शून्य भरलं असतं तर असलेलं पीक गिळलं गेलं असतं, आणि बोअरवेलवाल्यांपैकी कुणी पुढे खरं बोललं असतं तर सगळा अर्जच खोटा ठरला असता. म्हणून माझा आता नियम आहे : कम्प्लीट आधी शून्याशिवाय चालवायचं, जितके एनए येतील त्यांची यादी काढायची, आणि ती यादी ज्याची वही आहे त्याच्यासमोर ठेवायची. त्याने सांगितलं तिथेच शून्य.

ज्या ओळी शेवटपर्यंत अज्ञात राहतात त्यांचं काय? त्या वर्षाचा थरांचा आलेख काढूच नका. थरांत एक थर अज्ञात असला तर बेरीजही अज्ञात. अशा वेळी 'फॅसेट रॅप' वापरून प्रत्येक हंगामाची वेगळी चौकट करा आणि त्यात 'जिओम लाइन'. एनए आलं की रेघ तिथे तुटते. तुटलेली रेघ प्रामाणिक असते.

चौथी पायरी : कोणता थर खाली?

थरांच्या आलेखात फक्त तळाच्या थराला सपाट जमीन मिळते. त्याचीच चढउतार डोळ्याला नीट कळते. वरचे थर खालच्याच्या पाठीवर बसलेले, खालचा हलला की तेही हलतात. तळाचा कुरुवै कमी झाला की वरच्या सांब्याचा पट्टा जागच्या जागी जाड झाला तरी खाली घसरल्यासारखा वाटतो.

म्हणून विचारायचं, आपला प्रश्न कोणत्या थराबद्दल आहे? अर्ज कुरुवैबद्दल होता, म्हणजे कुरुवै तळाला हवा. त्यासाठी हंगामाला 'फॅक्टर' करायचं आणि 'लेव्हल्स'मध्ये क्रम द्यायचा. जीजीप्लॉट पहिली पातळी सगळ्यांत वर ठेवतं आणि शेवटची तळाला. कुरुवै तळाला हवा तर त्याचं नाव शेवटी लिहा. क्रम नाही दिला तर वर्णानुक्रमे लागतो, आणि वर्णमालेला शेतीतलं काही कळत नाही.

काही जण 'पोझिशन बरोबर फिल' करून टक्केवारी दाखवतात. आपल्या तक्त्यात तसं केलं तर तिसऱ्या वर्षी सांबा शंभर टक्के दिसेल. बघणाऱ्याला वाटेल, वा, सांबा जोरात! एकूण लागवड १५० वरून ९० वर आली हे मात्र त्यात कुठेच दिसणार नाही. नुकसान दाखवायचं असेल तेव्हा टक्केवारी नको.

पाचवी पायरी : ही बेरीज कशाची?

पहिल्या वर्षी एकूण १६० एकर. गाव १०० एकरांचं. हे चूक आहे का? नाही. कुरुवैचे ६० आणि ताळडीचे ६० ही तीच जमीन, दोनदा पिकलेली. आपल्याकडे खरिपात सोयाबीन आणि त्याच वावरात रब्बीला हरभरा, तसं. ही बेरीज जमिनीची नाही, वर्षभरातल्या एकूण लागवडीची आहे. अक्षाच्या नावात तसं स्पष्ट लिहा. नुसतं 'क्षेत्र' लिहिलं की वाचणारा जमीन समजतो.

जमीनच दाखवायची असेल तर गट बदला. एका तुकड्यावर दोनदा बोट पडणार नाही असे गट करा : दोन पिकं घेतलेली जमीन, फक्त सांबा घेतलेली, आणि पडीक. पहिल्या वर्षी ६०, ४०, ०. तिसऱ्या वर्षी ०, ९०, १०. बेरीज दर वर्षी १०० च. शेवटी आम्ही अर्जाला हाच आलेख जोडला. त्यात वरची कड सपाट राहते, आणि दोन पिकांचा पट्टा त्या एका वर्षी तुटून शून्यावर येतो. समजावून सांगावं लागत नाही. खऱ्या आलेखात तो पट्टा पूर्ण शून्यावर आला नव्हता, बोअरवेलवाल्या दोघांची पातळ चकती उरली होती. ती आम्ही तशीच ठेवली. ज्यांची वही हरवली होती त्यांचं शेत आलेखातून पूर्णच वगळलं आणि तसं खाली एका ओळीत लिहिलं.

आणि वर्षं पाचच असतील तर खरं म्हणजे 'जिओम कॉल', म्हणजे रचलेले खांब, जास्त बरे. दोन वर्षांच्या मधला उतार एरिया चार्टमध्ये दिसतो, पण प्रत्यक्षात तिथे काहीच नसतं. पंचवीस-तीस वर्षांची माहिती असेल तेव्हा थर शोभतात. शिवाय खांबांमध्ये नसलेली ओळ म्हणजे नसलेला तुकडा, मधे कुणी रेघ मारत नाही.

थोडक्यात

गट करून बेरीज, गट मोकळे करणं. वर्ष आकड्यात. ओळी मोजणं, कम्प्लीटने मोकळ्या जागा उघड्या करणं, आणि त्या जागांबद्दल माणसाला विचारणं. मग थरांचा क्रम. मग बेरीज कशाची आहे ते अक्षावर लिहिणं. जिओम एरियाची ओळ यात सगळ्यांत शेवटी येते. मी ती सगळ्यांत आधी लिहिली होती, तिथेच चुकलो.

निघताना त्या आजोबांनी नवा कागद हातात घेतला, पुन्हा त्याच वर्षावर बोट ठेवलं, आणि काहीच न बोलता मान हलवून परत दिला. आजवर माझ्या आलेखाची एवढी चांगली तपासणी कुणी केली नाही.

गृहपाठ : वरचा पाच वर्षांचा तक्ता तेरा ओळींत टाइप करा. एकदा तसाच, एकदा शून्य भरून, असे दोन आलेख शेजारी ठेवा. मग आपल्या घरातली एखादी वही घ्या. दुधाची, विजेच्या बिलाची, बचत गटाची, कोणतीही. तिच्यातली एक मोकळी जागा शोधा आणि घरच्यांना विचारा, इथे शून्य होतं, की लिहायचं राहिलं? उत्तर मिळेपर्यंत आलेख काढू नका.

पुढच्या भागात आपण फॅसेट रॅप नीट बघू. तोवर नमस्कार.